शिष्यवृत्ती आणि तिचे ऋण

दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली, चकल्यांचे ताट रिकामे झाले आणि चहाचे कप फिरू लागले, की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक विषय हमखास निघतो. “मग, धाकट्याचे पुढे काय ठरले?” धाकट्याने नुकतीच पदवी घेतलेली असते. गुणही बऱ्यापैकी पडलेले असतात. मग कोणी अमेरिकेतल्या विद्यापीठाचे नाव घेतो, कोणी जर्मनीतल्या. “फेलोशिप मिळाली तर आपल्याला पदरचे काही घालावे लागत नाही,” असे एखादे काका माहितगारपणे सांगतात. सगळ्यांचे समाधान होते. फक्त एखादी काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारातून विचारते, “पण तिकडे जाऊन तो शोधणार काय? आणि ते कोणाच्या उपयोगाचे?”

काकूंचा प्रश्न सहसा हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः तो फार मोलाचा आहे. जगातल्या नामांकित विद्यापीठांनी त्यासाठी खास फेलोशिपा ठेवल्या आणि आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या जंगलात, काही माणसांनी त्याच्या उत्तरासाठी सबंध आयुष्य वेचले. या दोन्हींची ही हकिकत आहे.

नीतीसाठीही फेलोशिप!

डॉक्टरकीसाठी शिष्यवृत्ती असते, यंत्रशास्त्रासाठी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण नीतिशास्त्रासाठी? तीही असते. हे नीतिशास्त्र कीर्तनातले नव्हे, की ‘सत् म्हणजे काय’ याचा कीस पाडणाऱ्या जाडजूड ग्रंथांतलेही नव्हे. हे आहे व्यवहारातले नीतिशास्त्र. इस्पितळात श्वासोच्छ्वासाचे यंत्र एक आणि रोगी दोन, तर ते कोणाला लावायचे? अशील गुन्हेगार आहे हे वकिलाला समजले, तर त्याने काय करावे? धरणाचे पाणी एका तालुक्याला मिळणार आणि घरे दुसऱ्या तालुक्याची बुडणार, तर हिशेब कसा मांडायचा? असे प्रश्न.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७९ साली याच नावाचे, ‘प्रॅक्टिकल एथिक्स’ हे पुस्तक लिहिले आणि विषयाला चालना मिळाली. १९८६ साली हार्वर्ड विद्यापीठात डेनिस थॉम्प्सन या प्राध्यापकांनी व्यवसायांतील नीतीच्या अभ्यासाचा एक स्वतंत्र उपक्रम सुरू केला. पदवी घेतलेल्या तरुणांनी आपल्या प्रबंधाचे काम करता करता डॉक्टर, वकील, अर्थशास्त्रज्ञ यांच्या मांडीला मांडी लावून बसावे आणि अशा प्रश्नांचा खल करावा, ही तिथल्या फेलोशिपांमागची कल्पना.

हे सारे सुचले ते चटके बसल्यावर. अमेरिकेच्या आलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. तिथे सरकारी आरोग्यखात्याने १९३२ सालापासून उपदंश झालेल्या सुमारे चारशे गरीब निग्रो मजुरांचे निरीक्षण चालवले. रोग शरीरात कसा वाढत जातो हे त्यांना पाहायचे होते. पुढे पेनिसिलिन निघाले, ते रोगावर गुणकारी ठरले. तरीही या माणसांना ते दिले गेले नाही. त्यांना खरे कारणसुद्धा सांगितलेले नव्हते. वृत्तपत्रांनी १९७२ साली बोभाटा केला तेव्हा हे थांबले. चाळीस वर्षे शिकलीसवरलेली माणसे वह्या भरत होती आणि समोरची माणसे झिजत होती!

माणसांवरील प्रयोगांचे नियम त्याआधीही झाले होते. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गचे, १९६४ साली हेलसिंकीचे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली धोरण जाहीर केले, २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २००६ व २०१७ साली ती सुधारली. सर्वांचे सार एकच. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला सारे समजावून सांगा, त्याची राजीखुशी घ्या, आणि त्याचे हित आपल्या कुतूहलापेक्षा मोठे माना.

वरोऱ्याचा एक प्रयोग

टस्कीगीच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याशी जोडलेली आहे. बाबा आमटे यांनी आनंदवन उभारण्यापूर्वी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढत नाहीत, हे त्या काळच्या संशोधकांपुढचे मोठे कोडे होते. ते माणसाच्या शरीरात टोचून वाढतात का, हे पाहायला माणूस हवा होता. बाबांनी आपला देह पुढे केला. जंतू टोचले गेले, परंतु रोग काही झाला नाही. प्रयोग फसला.

शास्त्राच्या दृष्टीने तो फसला खरा, पण नीतीच्या दृष्टीने पाहा. टस्कीगीत शिकलेल्या माणसाने अशिक्षिताचा देह फसवून वापरला. इथे शिकलेला वकील जाणूनबुजून स्वतःचा देह देत होता. सर्वच संशोधकांनी असे करावे, असे कोणी म्हणणार नाही. नियम असे धाडसावर चालत नाहीत. पण जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न त्या एका सुईने फार स्पष्ट विचारला. बाबांनी १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केले, तेव्हा पुढच्या कामाची दिशा आधीच ठरलेली होती.

सेवाग्रामची एक भेट

आता वर्ध्याकडे वळू. कारण गडचिरोलीच्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. १९४५ सालची गोष्ट. वर्ध्यात ठाकुरदास बंग नावाचे अर्थशास्त्राचे तरुण प्राध्यापक होते. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगून आलेले. अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी त्यांचे अमेरिकेला जायचे ठरले होते. निघण्यापूर्वी ते सेवाग्रामला गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. गांधीजी म्हणाले ते थोडक्यात असे, की अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेला न जाता भारतातल्या खेड्यांत जा. ही आठवण त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग यांनी अनेकदा सांगितली आहे. ठाकुरदासजींनी अमेरिकेचा बेत रद्द केला आणि काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला गेले.

यावरून ‘परदेशी जाऊच नये’ असा बोध काढण्याची घाई मात्र करू नये. कारण पुढे अभय बंग स्वतः अमेरिकेला गेले. नागपूरला वैद्यकीचे शिक्षण पुरे करून ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पोहोचले आणि १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परत आले. वडील गेले नाहीत; मुलगा गेला, शिकला आणि परतला. महत्त्व जाण्याला नाही की न जाण्यालाही नाही. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खिशात होते की नाही, याला आहे.

१९८६ साली, म्हणजे हार्वर्डचा तो उपक्रम सुरू झाला त्याच वर्षी, या दांपत्याने गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली १९८२ साली वेगळा झालेला. पश्चिमेला वैनगंगा, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला छत्तीसगडचे रान आणि जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास भूमीवर जंगल. साग, बांबू, मोह, तेंदू. वस्ती गोंड, माडिया आणि धान पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांची. शिकलेल्या माणसाची बदली इथे झाली की त्याच्या घरी सुतक आल्यासारखे होई, असा तो जिल्हा!

एक चुकलेला धडा

सुरुवातीलाच या डॉक्टर दांपत्याला एक मोठा शोध लागला. आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्यांना आढळला. रक्ताचे नमुने गोळा करून त्यांनी पाहणी केली, अहवाल सरकारपुढे ठेवला. संशोधकाला याहून काय हवे? नवा जिल्हा, नवा शोध, शासनाचे लक्ष!

पण लोकांना त्याचे काही वाटले नाही. ज्यांच्या बोटातून रक्त घेतले त्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. त्यांच्या लेखी दुखणी वेगळी होती, आणि जो आजार सांगितला त्यावर त्या काळी मुळातून बरे करणारा उपाय डॉक्टरांकडेही नव्हता. हा आपला शोध होता, लोकांचा नव्हता, अशी कबुली डॉ. बंग यांनी पुढे मोकळेपणाने दिली आहे. संशोधन लोकांवर करायचे, की लोकांसाठी, की लोकांसह, हा त्यांच्या विचाराचा धागा इथून सुरू होतो.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तरे ऐकण्यासारखी होती. इमारत मोठी, तिची भीती वाटते. पांढरे कपडे घातलेली माणसे पाहून धडकी भरते, कारण पांढरे वस्त्र मेलेल्या माणसावर घालतात. आणि नातेवाइकांना बाहेर काढतात, मग रोग्याजवळ कोण बसणार? तेव्हा गडचिरोलीपासून सुमारे सतरा किलोमीटरवर, धानोऱ्याच्या वाटेवर, चातगावजवळ ‘शोधग्राम’ वसवताना दवाखानाही आदिवासी पाड्यासारखा, झोपड्यांचा बांधला. रोग्याबरोबर घरची माणसे राहू शकतील असा. त्याला नाव दिले दंतेश्वरी देवीचे, जिच्यावर इथल्या आदिवासींची श्रद्धा आहे. लोकांना विचारल्याने नुसती सभ्यता पाळली जाते असे नव्हे, तर दवाखान्याचा आराखडासुद्धा बदलतो!

न बोललेले दुखणे

विचारण्याचे काम पुरुष डॉक्टरांच्या आवाक्याबाहेरचेही असते. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. सरासरी एकेकीला तीनाहून अधिक. आणि यापूर्वी कधीतरी डॉक्टरकडून अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेकडा आठच. ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय साप्ताहिकात १९८९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगातल्या तज्ज्ञांनी कान टवकारले. तोवर गरीब देशातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा समग्र विचार पुढे आला, त्याला अशा अभ्यासांचे पाठबळ होते.

आता हीच गोष्ट नीतीच्या चष्म्यातून पाहा. शहरातली आपली लेकसुद्धा असले दुखणे आईजवळ चार दिवस लपवते. तर खेड्यातल्या बाईने ते परक्या डॉक्टरीणबाईला का सांगावे? ते सांगितले जाते विश्वासावर. आणि विश्वासाने मिळालेली माहिती लंडनच्या साप्ताहिकात छापून मोकळे झाले, तर ती एक प्रकारची उचलेगिरीच. म्हणून निष्कर्ष गावच्या बायकांपर्यंत त्यांच्या भाषेत परत नेणे आणि उपचारांची सोय करणे हे संशोधनाचेच अंग मानावे लागते. उसना आणलेला वाडगा रिकामा परत करू नये, ही आपल्या आळीतली रीत. विद्येच्या व्यवहारातही तीच लागू आहे.

वही की पोर?

सर्वांत अवघड प्रश्न मात्र लहान मुलांच्या बाबतीत उभा राहिला.

गडचिरोलीत मुले न्यूमोनियाने दगावत. डॉक्टर दूर, रस्ते पावसाळ्यात बंद. तेव्हा गावातल्याच आरोग्यसेवकाला आणि दाईला न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवता येईल का, असा प्रयोग ‘सर्च’ने मांडला. दाईला मोजता येत नाही, ही अडचण. म्हणून एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असे साधे उपकरण तयार केले. ठराविक श्वास झाले की मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत मणी ठराविक खुणेपलीकडे गेले तर न्यूमोनिया. ५८ गावांत हे उपचार झाले, आणि तुलनेसाठी ४४ गावे ठेवली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९० साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आले.

पुढे नवजात बाळांची पाळी आली. १९९५-९६ या एका वर्षात ३९ गावांतल्या ७६३ बाळांची जन्मापासून महिनाभर बारकाईने नोंद ठेवली. शंभरातल्या चौपन्न बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि डॉक्टर पाहायला मिळाला तो तिघांनाही नाही! त्यानंतर गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया, ‘आरोग्यदूत’, घरोघर जाऊन बाळाची काळजी घेऊ लागल्या. जंतुदोष झालेल्या बाळाला इंजेक्शन देऊ लागल्या. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

आकडे वाचून आपण ‘वा!’ म्हणतो. पण थोडे थांबा. तुलनेसाठी ठेवलेल्या त्या ४७ गावांचे काय? तिथे सरकारी सेवा जशी होती तशीच चालू होती. पण आरोग्यदूत नव्हती. तिथल्या आईने विचारले असते, ‘शेजारच्या गावात बाई येते, माझ्याकडे का नाही?’, तर काय सांगायचे?

संशोधकाची बाजूही नीट ऐकायला हवी. थोडेफार शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणे हा त्या वेळी साहसाचा प्रकार होता. जाणत्या डॉक्टरांनीही त्याबद्दल शंका घेतल्या होत्या. त्याने फायदा होईल की अपाय, हे प्रयोगाआधी कोणालाच ठाऊक नव्हते. उपाय खात्रीचा असता तर तो कोणापासून राखून ठेवणे पाप होते. खात्री नव्हती, म्हणूनच तुलना योग्य होती. टस्कीगीत आणि गडचिरोलीत फरक नेमका हा. तिथे औषध ठाऊक असून दिले नाही. इथे औषधाची वाट सापडते का हे पाहायचे होते, आणि ते पाहिल्याशिवाय कोणतेही सरकार ती वाट धरणार नव्हते.

२०११ साली केंद्र सरकारने नवजात बाळाची घरोघर काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. आज आशाताई ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्या फेऱ्यांचे मूळ गडचिरोलीच्या या गावांत आहे. म्हणजे तुलनेच्या गावांचे ऋण फिटले म्हणायचे का? देशापुरते बोलायचे तर फिटले, आणि व्याजासह. पण मधल्या वर्षांत ज्या आईची ओटी रिकामी झाली, तिच्यापुढे देशाचा हिशेब मांडता येत नाही. प्रश्न सुटतो आणि तरी उरतो. उरलेला तो भाग ज्याला टोचत राहतो, त्याच्याच हाती वही द्यावी. नीतीची फेलोशिप द्यायची झाली तर तिची परीक्षा मला तरी हीच वाटते.

गावानेच फेलो तपासला!

चातगावहून तोच रस्ता पुढे धानोऱ्याकडे जातो. धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा हे गाव लागते. शेजारच्या लेखा गावामुळे ‘मेंढा-लेखा’ म्हणून प्रसिद्ध. वस्ती सुमारे पाचशे, सारे गोंड. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देशभर गेली ती इथूनच.

चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल १९८७ च्या सुमारास जंगल व्यवस्थापनातल्या लोकसहभागाचा अभ्यास करायला इथे आले. आईचे नाव आधी, मग वडिलांचे, अशी सही करणारा हा जयप्रकाशांच्या चळवळीतला माणूस. रिवाज असा, की अभ्यासक येतो, प्रश्न विचारतो, वही भरतो आणि जातो. मोहनभाऊ राहिले. मात्र गावाचे पुढारी ते झाले नाहीत. देवाजी तोफा आणि गावकरी यांच्यासह त्यांनी एक साधी पण फार खोल पद्धत बसवली. गावात दोन बैठका. एक ‘अभ्यासगट’ : त्यात कोणीही यावे, बाहेरच्या तज्ज्ञानेही, हवी ती माहिती द्यावी, वाद घालावा, पण तिथे निर्णय नाही. दुसरी ग्रामसभा : निर्णय तिथे, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे, पुन्हा बोलायचे.

विद्वानाला इतकी नेमकी जागा क्वचितच कोणी दाखवली असेल! त्याचे ज्ञान हवे, पण त्याची सत्ता नको. बाहेरून अभ्यासाला येणाऱ्याने आधी ग्रामसभेपुढे येऊन परवानगी घ्यावी, हेही गावाने ठरवले. विद्यापीठाची नीतिसमिती शहरात वातानुकूलित खोलीत बसते. इथे ती झाडाखाली बसते, आणि जिच्याबद्दल प्रबंध लिहायचा ती म्हातारी स्वतः तिची सभासद असते.

या अभ्यासाचे फळही मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. बांबू हे झाड की गवत, यावर कायद्याचा कीस निघाला! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. कायद्याची कलमे अभ्यासगटात बसून वाचलेल्या गावाला ते साधले.

आईवडिलांच्या शंका

हे वाचून एखाद्या घरी धाकटा म्हणेल, “मी गडचिरोलीला जातो.” तेव्हा काय करायचे?

तशी सोय आज आहे. ‘सर्च’ने २००६ साली तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. अभय बंग ज्या नयी तालीमच्या शाळेत सेवाग्रामला वाढले, तिच्या धर्तीवर. डॉक्टर, इंजिनिअर, कलाशाखेचे पदवीधर, मुले आणि मुली शोधग्रामच्या शिबिरांना येतात. मला काय येते, समाजाला काय हवे आणि या दोहोंचा मेळ कुठे बसतो, याचा शोध घेतात. पुढे कोणाला प्रत्यक्ष करून पाहायचे असेल, तर ‘कर के देखो’ नावाची फेलोशिप आहे. नाव हिंदी असले तरी अर्थ आपल्या आजीचाच : करून पाहा, मग बोल.

आईच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. हिवताप आहे, नक्षलवादाच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचलेल्या आहेत. फेलोशिपची रक्कम बरोबरच्या मित्रांच्या पगारापुढे हसू येईल अशी. लग्नाच्या बाजारात ‘गडचिरोलीत काम करतो’ हे वाक्य कसे उतरेल, तीही चिंता. या शंकांना भाबडेपणा म्हणू नये. घर आईवडीलच चालवतात, शिबिरे नव्हेत.

शिवाय प्रत्येकाने जायलाच हवे असेही नाही. मन नसताना गेलेला पदवीधर चार महिन्यांत परततो, आणि गावाने त्याच्यावर खर्च केलेला वेळ फुकट जातो. तोही गावाचा एक तोटाच. ज्याला प्रयोगशाळेतच गती आहे त्याने बोस्टनला जावे, बर्लिनला जावे. फक्त जाताना त्याने एवढे ओळखावे, की तो ज्या औषधाची परीक्षा करील ते कुठल्यातरी माणसाच्या शिरेत टोचले जाणार आहे. ज्या आकड्यांवर प्रबंध लिहील ते कुठल्यातरी ओसरीवर बसून कोणीतरी विश्वासाने सांगितलेले आहेत. आधी विचारले का? खरे सांगितले का? मिळाले ते परत नेले का? हे तीन प्रश्न बोस्टनलाही तितकेच लागू आहेत.

आपल्या परंपरेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानतात : देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. ऋषींचे ऋण विद्येने फिटते, असे शास्त्र सांगते. गडचिरोलीने त्यात एका ऋणाची भर घातली आहे. ज्याच्याकडून आपण शिकलो त्या अनाम माणसाचे ऋण. वशातल्या बाईचे, मणी सरकवणाऱ्या दाईचे, तुलनेच्या गावातल्या आईचे. ते नुसत्या विद्येने फिटत नाही. त्यासाठी परत जावे लागते.

तेव्हा यंदा फराळाच्या वेळी धाकट्याचा विषय निघाला आणि काकूंनी दारातून आपला नेहमीचा प्रश्न विचारला, तर कृपा करून हसू नका. त्यांना आत बोलवा, पाट द्या, चहा द्या, आणि धाकट्याला म्हणावे, “सांग बघू, नीट सांग.” नाही आले उत्तर, तरी बिघडत नाही. हा प्रश्न सामानात सर्वांत वर ठेवून तो कुठेही गेला, तरी चालेल.